भावाच्या जेलच्या कागदावर 'फिट' लिहिलंय. नीट तपासणी कशी करून घ्यायची?

कृष्णाकाठ, सोमवार, रात्री ११.२०

नमस्कार. मी इथे एरवी लोणची-पापडाचे धागे वाचणारी. असलं काही लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

माझा धाकटा भाऊ, वय २९, सहा वर्षांपासून बायपोलरचा पेशंट आहे. लिथियमच्या गोळ्यांवर चांगला होता. दुकानात बसायचा, हिशेब चोख. फेब्रुवारीत 'आता बरा आहे' म्हणून त्याने गोळ्या स्वतःच बंद केल्या. मार्चमध्ये तीन रात्री झोपला नाही, पहाटे चारला नातेवाइकांना फोन करून प्लॉट विकायला निघाला. शेजाऱ्यांशी पाण्याच्या मोटारीवरून भांडण झालं आणि त्याने दगड मारला. शेजारच्या काकांना डोक्याला सात टाके पडले. केस झाली, दोन दिवस पीसीआर (पोलीस कोठडी), मग एमसीआर (न्यायालयीन कोठडी). आता दीड महिना जेलमध्ये आहे.

आत घेण्याआधी सरकारी दवाखान्यात नेलं होतं. तो कागद वकिलांनी दाखवला. बीपी, नाडी, अंगावर जखमा नाहीत, आणि खाली 'एन.ए.डी. (म्हणजे काही दोष आढळला नाही), फिट'. मनाबद्दल एक अक्षर नाही. त्या वेळी हा डॉक्टरांना शेअर मार्केट समजावून सांगत होता म्हणे!

अण्णा सगळी फाईल आणि गोळ्या घेऊन जेलच्या गेटवर गेले. "आमच्या डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय बाहेरची गोळी आत जात नाही." बारा दिवस असेच गेले. मग गोळ्या सुरू झाल्या, पूर्वीच्याच डोसवर.

गेल्या शुक्रवारी मुलाखत झाली. काचेपलीकडे तो, मध्ये फोन. पहिल्या मुलाखतीत बडबड थांबत नव्हती, या वेळी एकदम गप्प. आई म्हणाली, "शांत झाला गं लेकरू." फोन धरलेला हात थरथरत होता, रिसिव्हर काचेवर टक टक वाजत होता. बोलणं जरा जड वाटलं. पोट बिघडलंय म्हणाला, जुलाब होतात, पण "कंबर दुखते म्हणून दवाखान्यातनं गोळी देतात रोज, तिने बरं वाटतं." उठून जाताना जरा झोकांडी गेली. सोबतचा शिपाई हसून म्हणाला, गडी गार पडला.

माझा प्रश्न असा, की त्याची मानसिक स्थिती, त्याला कोणते उपचार हवेत, हे कोणीतरी नीट बघून लिहावं यासाठी कुणाकडे अर्ज करायचा? जेलचे डॉक्टर म्हणतात तो 'कोऑपरेटिव्ह' आहे, काही अडचण नाही.

---

सातबारा, सोमवार, रात्री ११.५२

ताई, मी फौजदारी कामं करतो. दोन गोष्टी लगेच. ज्या कोर्टात केस आहे तिथेच अर्ज द्या: कारागृह अधीक्षकांकडून वैद्यकीय अहवाल मागवावा आणि सिव्हिलच्या मनोविकारतज्ज्ञांकडून तपासणीचे आदेश द्यावेत. सोबत जुनी फाईल, सगळे केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट जोडा. अर्जाची एक प्रत अधीक्षकांना, एक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पोच नसेल तर तुमचा अर्ज कधी आलाच नव्हता असं समजा. खाजगी वकील परवडत नसेल तर कोर्टातच लोकअभिरक्षक कार्यालय आहे, तिथे फी लागत नाही.

दुसरी गोष्ट, घाईघाईत 'आरोपी वेडसर आहे, खटला चालवू नये' असा अर्ज कोणी सुचवला तर थांबा. तो नव्या कायद्यातल्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) ३६७-३६८ कलमांचा मार्ग आहे, आरोपीला स्वतःचा बचाव करता येत नसेल तेव्हाचा. त्यात खटला तहकूब होतो आणि माणूस कधी कधी शिक्षेपेक्षा जास्त काळ लटकून राहतो. घटनेच्या वेळी मनःस्थिती काय होती हा मुद्दा वेगळा, तो पुराव्याच्या वेळी येईल. आजारपणावर जामीन मागणं हा तिसराच रस्ता: त्याच कायद्याच्या कलम ४८० मध्ये आजारी किंवा दुर्बल व्यक्तीसाठी सोय आहे. त्या अर्जाला जीव येतो तो कागदाने, म्हणून आधी तपासणी. कलमं कोणती लावलीत ते कळवा.

---

गुरुवारची फेरी, मंगळवार, पहाटे ५.४०

ताई, बाकीचं नंतर लिहितो. तुम्ही सहज म्हणून जे लिहिलंय तेच मला घाबरवतंय. थरथर, जीभ जड, जुलाब, चालताना झोक, त्यात मे महिन्याचं ऊन, आणि रोज कंबरदुखीची गोळी. ती ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक जातीची असेल तर रक्तातलं लिथियम वाढतं. जुलाबाने अंगातलं पाणी गेलं की आणखी वाढतं. ही शांतता औषध लागू पडल्याची नसावी, औषध चढल्याची असू शकते.

आज जेल उघडताच गेटवर जा. साध्या कागदावर लिहा: "लिथियम चालू, जुलाब, थरथर, तोल जातो, सोबत वेदनाशामक सुरू. आज रक्तातील लिथियमची पातळी आणि किडनीची तपासणी करावी, तोपर्यंत दोन्ही गोळ्यांबाबत डॉक्टरांनी निर्णय घ्यावा." 'मानसिक' हा शब्द त्या कागदावर घालूच नका. 'विषबाधेची शक्यता' घाला. मनाच्या तक्रारीला मनोविकारतज्ज्ञांच्या फेरीचा पुढचा गुरुवार मिळतो, विषबाधेला गाडी मिळते. सातबारा, तुम्हीही आजच तातडीचा अर्ज टाकायला त्यांच्या वकिलांना सांगा.

---

सातबारा, मंगळवार, सकाळी ६.१५

ताई, वकिलांचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मी बोलतो.

---

ठोकताळा, मंगळवार, सकाळी ९.०५

भावाची काळजी समजू शकतो. पण ज्यांना सात टाके पडले त्यांच्या मानसिक आरोग्याचा धागा कोण काढणार? जेल म्हणजे काय आरामगृह नाही.

---

कृष्णाकाठ, मंगळवार, सकाळी ९.३१

@ठोकताळा, गेटवरच्या रांगेतून लिहितेय. काकांच्या टाक्यांचे आणि सीटी स्कॅनचे पैसे आम्ही दिले. मी त्यांच्या घरी जाऊन खाली मान घालून बसून आले. काकू म्हणाल्या, "त्याला औषध द्यायला पाहिजे होतं." त्यांना कळलं ते.

---

गुरुवारची फेरी, मंगळवार, दुपारी २.१०

आता सवडीने लिहितो. मी डॉक्टर नाही. सायकियाट्रिक सोशल वर्कर म्हणून नोकरी केली आणि त्यातली आठ वर्षं दर गुरुवारी आमच्या मनोविकारतज्ज्ञांसोबत एका मध्यवर्ती कारागृहात जात होतो. आता निवृत्त. कारागृहाचं नाव लिहीत नाही, कारण कमी-जास्त फरकाने कुठलंही असू शकतं.

'फिट' हा शब्द कुठून येतो ते आधी बघा. ती तपासणी माणसाला काय हवंय हे शोधायला नसते. उद्या अंगावर वळ दिसले तर ते आमच्याकडचे नाहीत, एवढं लिहून ठेवायला असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखालचे नियम सांगतात, की आत येताना प्रत्येकाची मानसिक स्थितीही तपासायची, व्यसनांचीही चौकशी करायची. पण संध्याकाळी कोर्टाच्या गाडीतून पस्तीस जण उतरतात, बंदी मोजून बराकी बंद करायची वेळ झालेली असते, आणि टेबलावर एक डॉक्टर किंवा नुसता कंपाउंडर. "काही आजार? दारू? नाही? पुढे."

त्याच कायद्याचं १०३ वं कलम वाचून मी एकदा एकटाच हसलो होतो. कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तिमाहीला मानसिक आरोग्य मंडळाला अहवाल पाठवायचा. कसला? तर कारागृहात मानसिक आजार असलेला बंदी नाही, असं प्रमाणित करणारा. हेतू चांगला आहे, आजारी माणूस आत कुजू नये, त्याला इस्पितळात हलवावं. पण 'नाहीत' असंच लिहून द्यायचं असेल तर शोधायला कोण जाईल? आणि दुसरीकडे निम्हान्स या बंगळुरूच्या मनोविकार संस्थेने तिथल्याच परप्पन अग्रहार कारागृहात पाच हजारांवर बंद्यांना बसवून नीट मुलाखती घेतल्या, त्याचा अहवाल २०११ चा आहे. व्यसनं धरून ७९.६ टक्के लोकांत काही ना काही निदान निघालं, व्यसनं बाजूला काढली तरी २७.६ टक्के. बसून विचारलं की सापडतं, एवढंच.

आम्हीही पहिली दोन वर्षं छापील प्रश्नावली घेऊन बसायचो. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, थकवा येतो का. सगळ्या बराकीला नैराश्य! अहो, रात्रभर दिवा चालू, कुशीवर वळायचं तर शेजाऱ्याला सांगून वळायचं, कोण झोपणार? २०२२ च्या अखेरीस देशातल्या कारागृहांची क्षमता होती ४ लाख ३६ हजार आणि आत होते ५ लाख ७३ हजार, त्यातले शंभरात जवळपास शहात्तर कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून न संपलेले. या गर्दीत 'झोप लागत नाही' हे लक्षण राहत नाही, पत्ता होतो.

म्हणून प्रश्न बदलले. "झोप लागते का" ऐवजी "जाग किती वाजता येते आणि मग काय करता?" एक म्हणाला, बायकोशी मनात भांडतो. ठीक आहे. दुसरा म्हणाला, पंख्याचा हूक बघत बसतो. हा आजच्या आज. "जेवता का" ऐवजी "तुमची चपाती कोण खातं?" ज्याच्या चपातीला ठरलेला गिऱ्हाईक आहे तो जेवत नाही. आणि ही उत्तरं मिळतात तीही शिपाई चार पावलं लांब उभा राहिला तर. ती चार पावलं मिळवायला मला सहा महिने लागले, एका सुभेदाराच्या मुलाच्या दहावीच्या अर्जावर दोनदा सल्ला द्यावा लागला.

एक माणूस सांगतो. पन्नाशीचा, खुनाच्या केसमध्ये. घोंगडी अशी घडी करायचा की कडा बोटाने मोजून घ्यावी. कुणाशी बोलणं नाही, भांडण नाही, मागणी नाही. जेलर पाहुण्यांना दाखवायचे, बघा कसा शिस्तीचा बंदी. आठ महिन्यांत आमच्या टेबलापर्यंत एकदाही आला नाही, कारण आमच्याकडे यायचे ते ओरडणारे, कपडे फाडणारे, हातावर ब्लेड मारणारे. एका गुरुवारी डॉक्टर उशिरा येणार होते म्हणून मी दवाखान्यातलं वजनाचं रजिस्टर चाळत बसलो. ६१, ५८, ५४, ४७. नाव बघितलं तर हाच. त्याला कानात भासाचे आवाज रोज सांगत होते, की वाढप्याच्या हाताला रक्त आहे. तो घडी करत होता ती रक्ताचे डाग झाकायला. त्या दिवसानंतर मी दर गुरुवारी आधी वजनाचं रजिस्टर बघायचो, मग माणसं.

दुसरी माहिती मिळते रात्रीच्या पहाऱ्यावरच्या जुन्या पक्क्या (शिक्षा झालेल्या) कैद्याकडे. कोण आंघोळ करत नाही, कोणी साबण-तेल वाटून टाकलं, कोण तारखेला जायचं नाकारतो, कोणाची मुलाखत तीन महिने आली नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. 'साबण वाटला' हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा यायचा.

"नाटक करतोय" हे वाक्य ताईंनाही ऐकावं लागेल, म्हणून सांगून ठेवतो. नाटक करणारे असतात, सिव्हिलची हवा खायला, घरच्यांना भेटायला. पण माझ्या अनुभवात नाटकी माणूस फार सांगतो, आजारी माणूस लपवतो. आणि नाटक पकडलं म्हणून काम संपत नाही. एकाने भिंतीवर डोकं आपटून घेतलं. नाटकच होतं. त्याच्या सावकाराचा माणूस त्याच बराकीत आला होता. बराक बदलली, डोकं बरं झालं.

माझ्या वहीत निदानाचा रकाना सर्वांत शेवटी होता. आधी लिहायचो: आज, या आठवड्यात, बघत राहू, आणि चौथा रकाना 'औषध नको, वकील हवा'. तो चौथा कायम भरलेला. एकाच निदानाच्या दोघांना हवं असतं वेगळं. ताईंच्या भावाला बायपोलर आहे हे सहा वर्षं ठाऊकच आहे, ते पुन्हा शोधून काय करायचं? त्याला हवंय ते असं: लिथियम चालू ठेवायचं की नाही हे ठरवणारा माणूस, ठरल्या तारखेला रक्त, पुरेसं पाणी, कोणती वेदनाशामक द्यायची नाही हे केसपेपरच्या दर्शनी पानावर, आणि जामीन मिळाला त्या दिवशी हातात चिठ्ठी आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या. शेवटची गोष्ट सगळे विसरतात. संध्याकाळी सातला गेटवर सोडतात, गोळ्या आतच राहतात.

अर्जात एवढंच मागा, मुद्देसूद. 'मानसिक तपासणी व्हावी' असं मोघम मागितलं तर एका ओळीचं मोघम उत्तर येतं.

---

चौदा महिने, मंगळवार, रात्री १०.४५

मी आत राहून आलोय, पुढे निर्दोष सुटलो. गुरुवारची फेरी, तुमच्या 'काही आजार? नाही? पुढे'मधला 'नाही' म्हणणारा मी होतो. रोज दारूची क्वार्टर लागायची तरी 'नाही' म्हणालो. मागे तीस जण उभे, बाजूला पोलीस, आणि मेंटल म्हटलं की बराकीत तेच नाव पडतं. सुटेपर्यंत.

तिसऱ्या रात्री भिंतीवरून मुंग्यांची रांग माझ्या अंगावर यायला लागली. मी ओरडायला लागलो. पोरं म्हणाली याला झटका आला, कोणी म्हणालं भूत. एका म्हाताऱ्या पक्क्याने ओळखलं, "दारू तुटलीय याची, डॉक्टरला बोलवा नाहीतर मरेल." तो रात्रभर माझे हात धरून बसला. दवाखान्यात सुई आणि सलाईन लागल्यावर दोन दिवसांनी मला माझं नाव आठवलं.

ताई, एक काम करा. भावाला विचारा, शेजारी कोण झोपतो. मग मुलाखतीच्या रांगेत त्या माणसाच्या घरच्यांना शोधा, चहा पाजा, नंबर घ्या. माझ्या आईला माझी सगळी खबर अशीच कळायची, एका पाकीटमाराच्या बायकोकडून. फार चांगली बाई. अजून दिवाळीला फराळ जातो.

---

गुरुवारची फेरी, मंगळवार, रात्री ११.०२

@चौदा महिने, दारू तुटल्यावर दुसरा ते चौथा दिवस सर्वांत धोक्याचा, आणि नेमका तेव्हाच माणूस कोठडीतून जेलमध्ये येत असतो. त्या म्हाताऱ्याने तुमचा जीव वाचवला, ही अतिशयोक्ती नाही.

---

कृष्णाकाठ, शनिवार, रात्री ९.१५

उशिरा लिहितेय, माफ करा. मंगळवारी अर्ज दिला. आधी "साहेब राउंडला आहेत", मग 'विषबाधा' शब्द वाचून आतले डॉक्टर स्वतः गेटपर्यंत आले. माणूस वाईट नव्हता, त्यांच्याकडे फाईलच पोचली नव्हती. ती आवक टेबलावर दीड महिना पडून होती. पोलीस गार्ड मिळायला दुपारचे तीन वाजले. सिव्हिलमध्ये रक्त काढलं, लिथियम १.९. दीडच्या वर गेलं की धोका, असं तिथल्या डॉक्टर म्हणाल्या. किडनीवर पण ताण आला होता. तीन दिवस सलाईन. कंबरेची गोळी ब्रुफेनच निघाली.

काल त्याने मला ओळखून नावाने हाक मारली. हात स्थिर. मग रडला आणि काकांबद्दल विचारलं.

मनोविकार विभागाच्या मॅडमनी दोन पानं लिहून दिली. लिथियम सध्या बंद, दुसरं औषध सुरू, पंधरा दिवसांनी पुन्हा आणायचं. वरच्या कोपऱ्यात लाल पेनाने 'ब्रुफेन, डायक्लो नको'. सातबारांनी सांगितल्याप्रमाणे त्याच्या सत्यप्रती काढून वकिलांनी जामीन अर्जाला जोडल्यात, तारीख २७ ला आहे. सुटला तर गोळ्या हातात द्याव्यात अशी ओळ पण अर्जात टाकलीय.

त्याच्या शेजारी झोपणारा मिरजेकडचा आहे, त्याच्या बहिणीचा नंबर मिळाला. आणि जेलच्या दवाखान्यात मी वजनाचा आकडा विचारला. कंपाउंडर जरा चमकला, पण रजिस्टर काढून बघितलं. आत गेला तेव्हा ६८, आता ६३. पुढच्या शुक्रवारी परत विचारणार आहे.